समानार्थी शब्दांची यादी पाठ आहे, पण मुलं म्हणतात "आईने मला नीर दिलं"

पत्र थोडक्यात असं आहे. कोथरूडच्या बाजूला एका मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिलंय. शाळेने वर्षभरासाठी समानार्थी शब्दांची यादी ठरवून दिलीये, दर आठवड्याला काही जोड्या फळ्यावर लिहायच्या, वहीत उतरवून घ्यायच्या आणि पाठ करून घ्यायच्या. मुलं धडाधड म्हणून दाखवतात, पण वाक्यात वापरा म्हटलं की "आईने मला नीर दिलं", "शाळा सुटल्यावर मी सदनात गेलो" असं काहीतरी येतं. तोंडी परीक्षेत एक मुलगा अडून बसला की तुळस झाड आहे पण वृक्ष नाहीये, त्याला मार्क द्यायचे की नाही ते बाईंना कळेना. चाचणीत एका मुलीने 'आई'पुढे 'मम्मी' लिहिलं, बाईंनी चूक दिली, तर दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर. सिनियर बाई म्हणतात या वयात पाठांतरच करून घ्यायचं असतं, अर्थ पुढे आपोआप कळतो. पालकसभेत पालक यादी कुठपर्यंत आली ते विचारतात. बाईंना वाटतं की मुळात आजकालच्या मुलांचा शब्दसंग्रहच कमी आहे, घरी मोबाइल आणि अर्धं बोलणं इंग्लिशमधे. यादी बंद करून नुसते खेळ घ्यावेत असं मनात येतं पण मुलं मागे पडतील ही भीती आहे. त्यांचा प्रश्न: यादी की खेळ, आणि दुसरीच्या मुलांना किती शब्द यायला हवेत?

बाई, तुळशीवाला मुलगा तुमच्या पत्रात अगदी जाता जाता आलाय, पण मी वाचताना तिथेच थांबले. तो बरोबर बोलतोय हो! वड, पिंपळ, आंबा यांना आपण वृक्ष म्हणतो, जास्वंदीला झुडूप म्हणतो, कुंडीतल्या तुळशीला वृक्ष म्हणणारा माणूस मला तरी आजपर्यंत भेटलेला नाही. परिसर अभ्यासात पुढे वृक्ष, झुडूप, वेल असे वनस्पतींचे प्रकार त्याला शिकायचेच आहेत. 'झाड' मात्र आपण सगळ्यालाच म्हणतो, गुलाबाचं झाड, मिरचीचं झाड, नारळाचं झाड. म्हणजे या सात वर्षांच्या मुलाने 'झाड' मोठा आणि 'वृक्ष' त्याच्या आतला शब्द आहे हे स्वतःहून, कोणी न शिकवता ओळखलंय, आणि परीक्षेत बाई समोर बसलेल्या असताना ते बोलून दाखवायची हिंमतही केलीये. त्याला पूर्ण मार्क द्या. आणि जमलं तर त्याचंच वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला विचारा की शाळेच्या गेटपासून तुमच्या घरापर्यंत वृक्ष कुठले लागतात आणि नुसती झाडं कुठली. एक तास कसा जाईल कळणार नाही, आणि त्या दिवसानंतर 'वृक्ष' शब्द त्या वर्गातलं कोणी विसरणार नाही.

आता जरा मुळाशी जाऊया, कारण तुमचा प्रश्न यादी की खेळ असा असला तरी मला अडचण दुसरीकडेच दिसतेय. आपण मुलांना नकळत एक नियम शिकवतो की समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा टाकायचा. फळ्यावर पाणी, मधे बरोबरचं चिन्ह, पुढे जल, नीर. गणितात बरोबरच्या चिन्हाचा अर्थ काय ते मुलांना नुकतंच कळलेलं असतं, दोन्ही बाजू सारख्या. मग "आईने मला नीर दिलं" लिहिणाऱ्या मुलीने काय चुकीचं केलं? तिने आपण दिलेला नियम इमानदारीत पाळला. चूक तिची नाहीये, तिला नियमच अर्धा मिळालाय.

उरलेला अर्धा नियम असा आहे की असे शब्द अर्थाने जवळ असतात पण त्यांच्या बसायच्या जागा वेगळ्या असतात. आपण वृक्षारोपण करतो, झाडारोपण कोणी करत नाही, पण लपाछपीत लपतो ते झाडामागे. करवंदं, जांभळं म्हणजे रानमेवा, डबे घेऊन सहलीला गेलो की वनभोजन, जीपमधून वाघ बघायला गेलो की जंगल सफारी, आणि गोष्टीतला राजा रस्ता चुकतो तो घनदाट अरण्यात. चार शब्द, यादीत सगळे एका ओळीत, पण जंगलमेवा आणि अरण्य सफारी म्हणून बघा, कानालाच खटकतं. आणि हे मुलांच्या कानालाही खटकतं, ते वय कानाने भाषा शिकायचंच आहे. आपण फक्त त्यांना त्यांचा कान वापरायची परवानगी द्यायची.

मुलांना हे सांगायला एक उपमा चालते, की शब्दांनाही घरातले कपडे आणि लग्नातले कपडे असतात. 'पाणी' घरातला, 'जल' ठेवणीतला. यापेक्षा जास्त समजावत बसू नका, सातव्या वर्षी एवढं पुरतं.

सिनियर बाईंचं म्हणणं मी पूर्ण मोडीत काढणार नाही. पाठांतर हा काही गुन्हा नाहीये. आपल्याकडे अमरकोश म्हणजे समानार्थी शब्दांचाच कोश, संस्कृतमधला, साधारण दीड हजार श्लोकांचा, आणि पाठशाळेत मुलं तो लहानपणी तोंडपाठ करायची, अर्थ नंतर यायचा हेही खरं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर तो श्लोकात होता, चालीवर म्हणायचा, नुसत्या जोड्या नव्हत्या. आणि दुसरं महत्त्वाचं म्हणजे ती मुलं पुढे वर्षानुवर्षं काव्य वाचणार होती जिथे ते शब्द त्यांना रोज भेटणार होते, म्हणजे पाठांतराच्या पुढचा वापर ठरलेला होता. आपल्या दुसरीच्या मुलाला 'नीर' हा शब्द यादीबाहेर कुठे भेटतो सांगा बरं? भेटतच नसेल तर "अर्थ पुढे आपोआप कळतो" मधलं ते आपोआप व्हायचं कधी आणि कुठे? म्हणून पाठांतर ठेवायचंच असेल तर कवितेत, बडबडगीतात ठेवा, चालीवर, जिथे शब्दाच्या मागेपुढे दुसरे शब्द आहेत.

अजून एक गोष्ट, ही मात्र शिक्षकांनी नीट ऐकावी अशी आहे. एकाच अर्थाचे तीन-चार नवे शब्द एकदम दिले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. दुसरी भाषा शिकणाऱ्यांवर जे अभ्यास झालेत त्यात हे दिसलंय की एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकवले तर ते वेगवेगळे शिकवण्यापेक्षा जास्त गोंधळतात. आणि 'नीर', 'तरू', 'सदन' हे शब्द दुसरीच्या मुलाला परक्या भाषेइतकेच नवीन असतात. तेव्हा सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर, भानू अशी माळ एका दिवसात घालू नका. एक ओळखीचा शब्द आणि त्याच्या शेजारी एकच नवा. तो रुळला, मुलांच्या बोलण्यात एकदा तरी आपणहून आला, की मगच पुढचा, मग त्याला तीन आठवडे लागू देत नाहीतर महिना.

आता शब्दसंग्रह कमी आहे याबद्दल. माझी विनंती आहे की एक दिवस मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा वही घेऊन बाजूला बसा आणि फक्त ऐका. एक जण पोळी म्हणेल, दुसरा चपाती. कोणाच्या डब्यात कालवण असेल, कोणाच्या आमटी, कोणाच्या रस्सा. एखादी म्हणेल "बिगीबिगी खा", दुसरी "पटापट खा", तिसरी "फास्ट फास्ट". पुण्यातल्या वर्गात साताऱ्याकडची, सोलापूरकडची, मराठवाड्यातली, विदर्भातली घरं असतात, काही घरांत हिंदी, कन्नड, मारवाडी बोलतात. एवढे शब्द एका वर्गात जमलेले असताना संग्रह कमी कसा? कमी आहेत ते यादीतले, पुस्तकी शब्द. मुलाच्या घरचा शब्द मोजायचाच नाही असं आपण ठरवून टाकलेलं असतं, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

पोळी आणि चपातीवरून पुण्यात मोठी माणसंसुद्धा एकमेकांना हसतात, वर्गात तर हमखास चिडवाचिडवी होते, आणि ज्या मुलाच्या शब्दाला हसतात ते मूल हळूहळू बोलायचं कमी करतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या पहिल्या जोड्या इथूनच घ्या. फळ्यावर पोळी आणि चपाती शेजारी शेजारी लिहा, कोणाच्या घरी काय म्हणतात त्यासाठी हात वर करायला सांगा, मग विचारा की पुरणपोळीला पुरणचपाती म्हणतो का? वर्ग हसेल, म्हणणार नाही सांगेल, आणि बघा, जागा वेगळी असते हा अवघड मुद्दा व्याकरणाचा एकही शब्द न वापरता त्यांना कळलेला असेल. शुद्ध कुठला, अशुद्ध कुठला असं कोणी विचारलं तर स्पष्ट सांगा की दोन्ही आपल्याच घरांतले शब्द आहेत, आणि त्यावर कोणाला हसायचं नाही.

'मम्मी'चा प्रश्नही याच्यातच सुटतो. ती मुलगी घरी आईला मम्मी म्हणते, तिच्यासाठी तो इंग्लिश शब्द नाहीये, तिच्या आईचं नाव आहे ते. तिने प्रश्नाचं उत्तर तिच्या आयुष्यातून दिलं. तो मार्क मी देईन. पण तिथेच सोडणार नाही, तिला विचारेन की कवितेत कुठला शब्द येतो, आजी तुझ्या मम्मीबद्दल दुसऱ्यांशी बोलताना काय म्हणते, वारकरी विठ्ठलाला काय म्हणतात. माय, माउली हे शब्द तिने कुठेतरी ऐकलेले असतात. आणि तिच्या आईला पुन्हा भेटाल तेव्हा हे सगळं सांगा, मार्क परत दिलाय म्हणून नुसतं मोकळं होऊ नका. एखाद्या मुलाने 'पाणी'पुढे 'वॉटर' लिहिलं तर मात्र ते वेगळं. तिथे रागावायचं नाही, पण त्याला सांगायचं की हा शब्द बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्या भाषेतला आहे, आपल्याला मराठी वाक्यात चालणारा हवाय. मराठी वाक्यात आपण वॉटर बॉटल म्हणतो हे तो दाखवून देईल कदाचित. देऊ दे, मग वॉटर बॉटल आणि पाण्याची बाटली कुठे कुठे म्हणतो त्यावर बोला.

प्रत्यक्ष काय करायचं म्हणाल तर माझा आग्रह आहे की नामांपासून सुरू करू नका. आपल्या सगळ्या याद्या सूर्य, चंद्र, कमळ, हत्ती यांच्या असतात आणि तिथे मुलांना करण्यासारखं काही नसतं. क्रियापदं घ्या. 'हसला' हा शब्द घ्या आणि मुलांना हसून दाखवायला लावा. खुदकन हसला, गालातल्या गालात हसला, खळखळून हसला, फिदीफिदी हसला. एक मूल पुढे येऊन हसून दाखवेल, बाकीच्यांनी ओळखायचं कुठलं ते. मग विचारा की बाई घसरून पडल्या तर फिदीफिदी हसणारं मूल चांगलं वाटेल का? आजीने लाडू हातावर ठेवला तेव्हा बाळ कसं हसलं? इथे मी 'एकच नवा शब्द' हा माझाच नियम मोडत नाहीये, हे शब्द बहुतेकांनी आधी ऐकलेले असतात, आपण फक्त त्यांना वेगळं करून दाखवतो. असंच 'रडला'चं करता येतं, मुसमुसत, हुंदके देत, भोकाड पसरून. 'बघितलं'चं करता येतं, डोकावून, निरखून, टक लावून. हे आलं की मुलांच्या चार ओळींच्या निबंधातही फरक पडतो, कारण प्रत्येक गोष्टीला 'छान' आणि 'मस्त' लिहिण्याखेरीज त्यांच्याकडे काहीतरी दुसरं असतं.

दुसरं म्हणजे दोरी. वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधा, कागदाच्या पट्ट्यांवर गारठलेलं, थंडगार, थंड, गार, कोमट, गरम, कढत, उकळतं असे शब्द लिहा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मुलांना क्रमाने लावायला सांगा. भांडणं होतील. गार आणि थंड यात जास्त थंड कुठलं यावर दोन गट पडतील, आणि याला एकच बरोबर उत्तर नाहीये, हे तुम्ही त्यांना खुशाल सांगा. भांडताना ते शब्द एवढ्या वेळा तोंडात येतात की वेगळं पाठांतर लागत नाही.

आणि शाळेच्या बाहेरचं पुणं वापरा ना. सारसबाग म्हणतो आपण, जंगली महाराज रस्त्यावरच्या पाटीवर संभाजी उद्यान लिहिलेलं असतं, आणि घरी सगळे संभाजी पार्क म्हणतात, तीन शब्द तीन जागी आयते. कोथरूडची मुलं वेताळ टेकडी रोज बघतात, सिंहगडाचा डोंगर बघितलेला असतो, हिमालय पर्वत पुस्तकात असतो. यादीत डोंगर म्हणजे पर्वत, पण वेताळ पर्वत कोणी म्हणेल का? मेट्रोत 'स्थानक' ऐकू येतं आणि आपण एकमेकांना 'स्टेशन' सांगतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असलं की पेपरात त्या एकाच बातमीत 'पाणीपुरवठा' असतो, 'जलवाहिनी' असते आणि 'पर्वती जलकेंद्र' असतं, ते कात्रण कापून आणा, मुलांना 'पाणी' आणि 'जल' या दोन्ही शब्दांखाली रेघ मारायला सांगा. 'जल' हा शब्द कुठे राहतो ते यादीपेक्षा त्या कात्रणाने चांगलं कळतं. वारांमधे तर रवी आणि सोम बसलेलेच आहेत, रविवारचा रवी म्हणजे सूर्य, सोमवारचा सोम म्हणजे चंद्र, रविवार पेठ आणि सोमवार पेठ मुलांनी ऐकलेल्या असतात. आणि तुमचं हजेरीपत्रक बघा, त्यात एखादा आदित्य असेल, समीर असेल, कोणाची आजी रजनी, कोणाची मामी सरिता. आपल्या नावाचा अर्थ कळल्यावर मूल जे फुलतं ते बघायला मिळेल. फक्त ज्याच्या नावाचा अर्थ लगेच सापडत नाही अशा मुलाला मागे ठेवू नका, त्याच्यासाठी आदल्या दिवशी शोधून ठेवा.

आता यादी बंद करावी का? माझं मत नाही. एकदम बंद केली तर तुम्ही शाळेत एकट्या पडाल, पालक घाबरतील, आणि शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांत हे प्रश्न येतात ही त्यांची काळजी खोटी नाहीये. नुसते खेळ घेतले आणि कुठेच लिहून ठेवलं नाही तर महिन्याने मुलांच्या हातात काही उरत नाही, हेही तितकंच खरं. यादी उलटी करा. आधी शब्द भेटू दे, बोलला जाऊ दे, खेळात येऊ दे, आणि शेवटी मुलांनी तो आपल्या वहीत लिहायचा, पण जोडी म्हणून नाही, प्रत्येक शब्दापुढे त्याचं स्वतःचं एक वाक्य. वर्षाअखेरीस शाळेच्या यादीतले बरेचसे शब्द तिथे आलेले असतील. काही राहतील. 'तरू' आणि 'सदन' राहिले दुसरीत तर काही बिघडत नाही, चौथीत कवितेत भेटतील. किती शब्द यायला हवेत असं विचारलंत, मी आकडा देणार नाही, कारण आकडा दिला की त्याचीच पुन्हा यादी होईल. मूल न विचारता वापरतं तेवढेच शब्द त्याला येतात असं धरा.

हेडबाईंशी बोलताना मुलांना मजा येते एवढंच सांगू नका, ते पुरणार नाही. राज्यात २०१० पासून जी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली तिच्यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्गातल्या रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाचा, वाटा ७० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचा, ३० ठेवलाय, आणि आकारिकमधे निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, वर्गकार्य हे सगळं धरता येतं. म्हणजे दोरीवरचं भांडण, हसून दाखवणं, कात्रणाखालची रेघ, याची नोंद करायला तुमच्याकडे अधिकृत रकाने आहेत. २०२१ मधे सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या अभियानाचा भरही तिसरीपर्यंत मुलाने समजून वाचावं यावरच आहे. ही भाषा शाळेला कळते. आणि चाचणीचा एक प्रश्न तेवढा बदलून मागा, 'जोड्या लावा'च्या ऐवजी 'वाक्यात योग्य शब्द निवडा'. "पावसाळ्यात शाळेत ____रोपण झालं", झाड की वृक्ष. "मांजर ____वर चढलं", झाडा की वृक्षा. मार्क तेवढेच, तपासायला वेळ तेवढाच.

पालकांचीही अशी पत्रं येतात म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहिते. घरी यादी घोकून घेऊ नका, वाचून दाखवा. रोज झोपताना दहा मिनिटं पुरेत. गोष्टीत अवघड शब्द आला की तिथल्या तिथे शेजारी सोपा शब्द ठेवून पुढे जायचं, "घनदाट अरण्यात, मोठ्ठ्या जंगलात, एक सिंह राहायचा", लगेच परीक्षा घ्यायची नाही. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीतली खूप पुस्तकं फुकट वाचता येतात, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली आहेत, मोबाइल आहेच हातात तर तो यासाठी वापरा. आणि आजी-आजोबांना बोलू द्या, त्यांचे गावाकडचे शब्द मुलासमोर दुरुस्त करू नका.

वर्गात ज्यांच्या घरी मराठी बोलतच नाहीत त्या मुलांचं वेगळं बघावं लागेल, त्यांना जोडीतला ओळखीचा शब्दसुद्धा नवा असतो. त्यांना आधी एकच शब्द पक्का करू द्या, आणि त्यांच्या घरी त्याला काय म्हणतात ते वर्गाला सांगू द्या. 'बादल' म्हणणाऱ्या मुलीने 'ढग' शिकला की बस, 'मेघ' तिच्यासाठी पुढच्या वर्षी.

सुरुवात सहामाहीनंतर करा, आत्ता परीक्षेच्या तोंडावर नको. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून जोड्यांऐवजी एवढंच द्या की गावाला जाल किंवा कोणी पाहुणे येतील तेव्हा असा एक शब्द घेऊन या जो आपल्या वर्गात कोणी म्हणत नाही, आणि तो कोणी म्हटला, काय करताना म्हटला ते आईबाबांकडून लिहून आणा. शाळा उघडल्यावर पहिला आठवडा त्याच शब्दांवर घ्या.